धक्क्यावर बसलेला माणूस

मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, महंमद अली ही नावे आपल्या चळवळीला परकी नाहीत. आपल्या वक्त्यांच्या भाषणांत ती येतात, दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर त्यांची चरित्रे मिळतात. ओटिस रेडिंग हे नाव मात्र त्या रांगेत सहसा नसते. तो नेता नव्हता. पुढारी म्हणून त्याने मोर्चे काढले नाहीत की सभा गाजवल्या नाहीत. तो गवई होता आणि अवघ्या सव्वीस वर्षांचा असताना गेला. पण १९६८ च्या मार्च महिन्यात अख्ख्या अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर वाजणारे गाणे त्याचे होते, आणि ते यश पाहायला तो जिवंत नव्हता. अशा माणसाविषयी देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावातून कशाला लिहायचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कापसापासून सुरू होते.

वऱ्हाडच्या कापसाचा आणि अमेरिकेतल्या गुलामगिरीचा संबंध जुना आहे. मँचेस्टरच्या गिरण्या ज्या कापसावर चालत, तो मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिण भागात काळे गुलाम पिकवत. १८६१ ते १८६५ या काळात गुलामगिरीच्या प्रश्नावरून तिथे यादवी युद्ध पेटले. कापसाची जहाजे अडली आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. खामगावचा कापूस बाजार वाढला, १८७० साली तिथपर्यंत रेल्वेचा फाटा आला. आपले देऊळगाव राजा तेव्हा चिखली तालुक्यात, म्हणजे वऱ्हाडातच होते. पुढे १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी गुलामगिरी हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. व्यापाऱ्यांना त्या युद्धात कापसाचा भाव दिसला, जोतीरावांना माणूस दिसला. आपण जोतीरावांच्या बाजूचे आहोत, म्हणून त्या कापसाच्या शेतात पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

पुढे झाले असे की बेड्या तुटल्या, पण जमीन मालकाचीच राहिली. मोकळे झालेले काळे लोक त्याच मालकांच्या शेतात बटईने राबू लागले. बियाणे मालकाचे, उधारीचे दुकान मालकाचे, हिशेबाची वहीही मालकाची. वर्षाच्या शेवटी बटईदाराच्या हाती काही उरत नसे, उलट कर्ज फिरत असे. हा हिशेब आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही. अशाच एका बटईदाराच्या घरी ९ सप्टेंबर १९४१ रोजी जॉर्जिया राज्यातल्या डॉसन या गावी ओटिसचा जन्म झाला. तो लहान असतानाच कुटुंब गाव सोडून मेकन शहरात आले. वडील विमानदलाच्या तळावर कामाला लागले, आणि सुट्टीच्या दिवशी चर्चमध्ये प्रवचन करू लागले. पोरगा चर्चच्या गायनात गाऊ लागला. त्याचे गाण्याचे पहिले शिक्षण ते तिथेच.

त्या काळी जॉर्जियात काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, बसमधल्या जागा वेगळ्या होत्या, पाण्याचे नळ वेगळे होते. मेकनमध्ये डग्लस थिएटर नावाचे नाट्यगृह होते, ते एका काळ्या व्यावसायिकाने आपल्या लोकांसाठी उभारलेले. वडील क्षयाने अंथरुणाला खिळले तेव्हा पंधराव्या वर्षी ओटिसची शाळा सुटली. त्याने विहिरी खोदल्या, पेट्रोल पंपावर काम केले आणि रात्री गायला. डग्लस थिएटरातल्या तरुणांच्या गायनस्पर्धेत तो सलग पंधरा आठवडे जिंकला. स्पर्धेचे बक्षीस पाच डॉलर. त्याच मेकनचा लिटल रिचर्ड तेव्हा रॉक अँड रोल संगीताचा मोठा तारा झालेला होता. ओटिस सुरुवातीला त्याचीच नक्कल करी. नक्कल सुटून स्वतःचा आवाज सापडायला त्याला पुढे काही वर्षे लागली.

तो आवाज जगासमोर आला तो एका गाडीच्या चालकाचा म्हणून. १९६२ साली जॉनी जेन्किन्स या गिटारवादकाला मेम्फिस शहरातल्या स्टॅक्स या स्टुडिओत ध्वनिमुद्रणासाठी बोलावणे आले. ओटिस त्याच्या पार्टीत गात असे, पण त्या दिवशी तो गाडी चालवत गेला होता. जेन्किन्सचे काम काही जमून आले नाही. दिवस संपताना थोडा वेळ उरला, तेव्हा चालकाला गायला उभे केले. त्याने गायलेले संथ प्रेमगीत ऐकून वादकांचे हात थबकले आणि तेच गाणे स्टॅक्सकडून त्याची पहिली तबकडी म्हणून बाजारात आले.

स्टॅक्सविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. एका जुन्या चित्रपटगृहात हा स्टुडिओ थाटला होता. मालक गोरे भाऊ-बहीण, वस्ती काळ्यांची. तिथल्या कायमच्या वादकांच्या चमूत काळे आणि गोरे दोन्ही होते. ज्या शहरात काळा आणि गोरा एका टेबलावर जेवू शकत नव्हते, तिथे ते एका खोलीत बसून गाणी रचत होते. स्टुडिओच्या आतली बरोबरी दाराबाहेर पडताच संपे. दारे बदलली म्हणून गाव बदलत नाही हे आपण जाणतो. तरीही आतली ती बरोबरी खोटी नव्हती, आणि तिथूनच हे गाणे जन्मले.

आता गाण्यांच्या यादीचे पाहू. आपल्याकडे अमीन सायानींच्या बिनाका गीतमालेत गाणी पायरीपायरीने वर चढत. अमेरिकेत त्या काळी बिलबोर्ड हे साप्ताहिक तबकड्यांच्या विक्रीवरून आणि रेडिओवरच्या वाजण्यावरून अशी यादी छापत असे. पण त्या यादीतही जात होती. १९४९ पर्यंत काळ्यांच्या गाण्यांची यादी वेगळी छापली जाई आणि तिचे नावच वंशावरून दिलेले होते. पुढे ऱ्हिदम अँड ब्ल्यूज असे नाव आले, पण पंगत वेगळीच राहिली. गावाची एक यादी आणि गावकुसाबाहेरची दुसरी. काळ्या कलावंतांनी घडवलेली चाल गोऱ्या गायकाने गायली की ती मोठ्या यादीत चढे आणि तिला रॉक अँड रोल म्हणत. ज्यांच्या घामातून ती चाल आली, त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला ना नाव आले ना पैसा.

या भिंतीवर ओटिसने सहा वर्षे धडका दिल्या. १९६५ साली त्याने रिस्पेक्ट, म्हणजे मान, या नावाचे गाणे लिहिले आणि गायले. कामावरून दमून आलेला पुरुष घरी बायकोकडे मान मागतो असे ते गाणे. मोठ्या यादीत ते पस्तिसाव्या क्रमांकापर्यंत गेले. दोन वर्षांनी अरेथा फ्रँकलिन या काळ्या गायिकेने तेच गाणे उलटे केले. आता बाई मान मागू लागली. १९६७ च्या जूनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचले आणि काळ्यांच्या लढ्याचे, स्त्रियांच्या लढ्याचे गीत झाले. गाणे लिहिताना ओटिसच्या मनात कदाचित घरच होते, पण गाणे समाजाच्या हाती गेले की ते समाजाचे होते. आत्मसन्मानाची भूक ज्याला त्याला आपल्या जागेवरून लागते.

ओटिसने पैसा मिळवला आणि तो डोळसपणे वापरला. गाण्यांच्या हक्कांसाठी त्याने भागीदारीत स्वतःची प्रकाशन संस्था काढली. मेकनजवळ सुमारे तीनशे एकर जमीन घेतली आणि तिथे पत्नी झेल्मा व मुलांसह राहू लागला. बटईदाराचा पोरगा जमिनीचा मालक झाला. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांच्या सत्याग्रहात आपले लोक तुरुंगात गेले ते याच जमिनीसाठी. म्हणून त्या तीनशे एकरांचा अर्थ आपल्याला जास्त कळतो.

१९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे येथे मोठा संगीत महोत्सव झाला. समोर बहुतेक गोरी तरुण मुले, रॉक संगीताची चाहती. ओटिस मध्यरात्रीच्या सुमारास मंचावर आला आणि थोड्या वेळात त्याने तो सगळा जमाव उभा केला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला एल्व्हिस प्रेस्लीच्या पुढे, जगातला पहिल्या क्रमांकाचा गायक म्हणून निवडले. उन्हाळ्यात तो सॅन फ्रान्सिस्कोला कार्यक्रमांसाठी गेला, तेव्हा पलीकडच्या सॉसलिटो येथे एका तरंगत्या घरात उतरला होता. तिथे खाडीच्या पाण्याकडे पाहत त्याला एका गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी सुचल्या. त्याच खाडीच्या दुसऱ्या काठावर ओकलंड शहर आहे. वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, तिथे ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना झाली होती. या पँथरवरूनच १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले. एका काठावर पँथर, दुसऱ्या काठावर गवई, आणि मध्ये एकच पाणी.

ते गाणे म्हणजे द डॉक ऑफ द बे. डॉक म्हणजे बंदराचा धक्का, आपल्या मुंबईचा भाऊचा धक्का असतो तसा. गाण्यातला माणूस जॉर्जियातले घर सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला आला आहे. पोट भरायला, नशीब बदलायला. काही बदललेले नाही. तो धक्क्यावर नुसता बसून आहे, पाण्याकडे आणि जहाजांकडे पाहत. त्यात घोषणा नाही, आक्रोश नाही. ओटिसची ओळख होती ती पोटातून येणाऱ्या गर्जनेची, घामाने भिजलेल्या सदऱ्याची. इथे तो हळू गातो. त्या सुमारास त्याच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती आणि आवाजात नवी मवाळी आली होती. गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर या गोऱ्या मित्राबरोबर त्याने गाणे पूर्ण केले आणि नोव्हेंबर-डिसेंबर १९६७ मध्ये ते स्टॅक्समध्ये ध्वनिमुद्रित झाले. शेवटी शब्द संपतात आणि तो शीळ घालतो. दिवसभर राबून माणूस एकटाच घरी निघतो तेव्हा ओठांवर येते तशी शीळ. स्टुडिओतल्या काहींना हे गाणे पटलेच नाही. हे आपल्या धाटणीचे नाही असे त्यांचे मत पडले.

१० डिसेंबर १९६७ रोजी ओटिस क्लीव्हलँडहून विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला स्वतःच्या छोट्या विमानाने निघाला. बरोबर बार-केज या वादकांच्या पार्टीतली तरुण पोरे होती. खराब हवेत विमान मोनोना सरोवरात कोसळले. विमानात आठ जण होते, त्यांतला बेन कॉली हा एकच वादक वाचला. मेकनच्या सभागृहात अंत्यदर्शनाला हजारो लोक लोटले. स्टीव्ह क्रॉपरने दुःख गिळून त्या गाण्यावरचे उरलेले काम केले, त्यात लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज मिसळले. जानेवारी १९६८ मध्ये तबकडी बाजारात आली आणि १६ मार्चला मोठ्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. चार आठवडे तिथेच राहिली. गायकाच्या मृत्यूनंतर पहिल्या क्रमांकावर पोचलेले त्या यादीतले ते पहिले गाणे. भिंत पडली तेव्हा धडका देणारा उरला नव्हता.

आता त्याच दिवसांतले मेम्फिस पाहा. १ फेब्रुवारी १९६८ रोजी या शहरात पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार पावसापासून बचाव म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघे त्यात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे तेराशे सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता. मी माणूस आहे, एवढाच मजकूर होता. त्यांना पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले आणि ४ एप्रिल रोजी लॉरेन मोटेलच्या गच्चीत त्यांची हत्या झाली. हे मोटेल काळ्यांना मुक्कामाला मिळणारी जागा होती. स्टॅक्सचे काळे-गोरे वादक गाणी रचायला तिथेच बसत. ज्या आठवड्यात किंग पडले, त्या आठवड्यातही अमेरिकेतले पहिल्या क्रमांकाचे गाणे मेम्फिसमध्येच ध्वनिमुद्रित झालेले, धक्क्यावर बसलेल्या माणसाचे होते. १६ एप्रिलला संप मिटला. संघटनेला मान्यता आणि पगारवाढ मिळाली, पण किंमत फार मोठी मोजावी लागली.

आपल्याकडे एक समज पक्का आहे की चळवळीचे गाणे म्हणजे मुठी आवळलेले गाणे. ओटिसच्या गाण्यात मूठ नाही, मग ते चळवळीच्या माणसाने का ऐकावे? माझे म्हणणे असे की हे गाणे बसण्याचे गाणे आहे, आणि बसणे ही आपल्यासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. बालपणी बाबासाहेबांना शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. १९५५ साली रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठली नाही म्हणून तिला अटक झाली आणि त्यातून माँटगोमेरीचा लढा उभा राहिला. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या बाकावर जाऊन बसले, एवढ्यावरून देश हादरला. बरोबर आठ वर्षांनी, त्याच तारखेला, कोल आणि वॉकर यांना पावसात निवाऱ्याला कचऱ्याच्या गाडीखेरीज जागा सापडली नाही. ज्याला राबण्यासाठीच जन्माला घातले असे समाज मानतो, त्याने काही न करता बसावे, थकावे, उदास व्हावे, पाण्याकडे पाहावे, हे व्यवस्थेला सहन होत नाही. गुलामाला दुःख असते हे मालकाला मान्य नसते, कारण दुःख मान्य केले की माणूसपण मान्य करावे लागते. ओटिसने आरोळी ठोकली नाही. तो बसला आणि दमल्याचे त्याने सांगितले. आणि लक्षावधी गोऱ्या घरांत लोकांनी त्या काळ्या माणसाची दमणूक आपली म्हणून ऐकली. फलकावर जे लिहिले होते तेच या शिळेने सांगितले.

दुसरी गोष्ट व्यवहाराची आहे. ओटिस गेल्यावर काही महिन्यांत स्टॅक्सला कळले की वितरण करणाऱ्या बड्या कंपनीबरोबर १९६५ साली केलेल्या करारात आपल्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी त्या कंपनीकडे गेली आहे. सही करताना कागद नीट वाचला नव्हता. इतक्या वर्षांची मेहनत एका सहीत गेली. ओटिसच्या वारसांकडे जे राहिले ते त्याने आधीच गाण्यांच्या हक्काची वेगळी व्यवस्था केली होती म्हणून. विसाव्या शतकात अमेरिकेच्या रेडिओ-दूरचित्रवाणीवर सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांची यादी १९९९ साली हक्क सांभाळणाऱ्या एका संस्थेने काढली, त्यात हे गाणे सहावे होते. आपल्या गायन पार्ट्यांनी हा धडा घ्यावा. चौदा एप्रिलला रात्र रात्र गाणारे, मुकाबल्यात घसा फोडणारे आपले शाहीर आणि गायिका कॅसेटच्या जमान्यात ठोक रक्कम घेऊन मोकळे झाले. गाणी घरोघर वाजली, गीतकाराचे नाव मात्र कित्येकदा वेष्टनावरही नीट आले नाही. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले त्यात करारनाम्याचा कागद वाचायला शिकणेही येते.

आणि आता आपल्या मातीकडे येऊ. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्याचे जन्मगाव मानले जाते. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला संत चोखामेळा सागर हे नाव आहे. ज्याला विठ्ठलाच्या महाद्वाराच्या आत जाता आले नाही, तो १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम करताना भिंत कोसळून मेला. त्याचे अभंग मात्र देवळाच्या आत गेले, मैफिलीत गेले, मोठमोठ्या गवयांच्या गळ्यात गेले. गाणे आत आणि गाणारा बाहेर, ही गोष्ट आपल्याकडे सहाशे वर्षे आधीच घडून गेली होती. चोखोबाच्या नशिबाला शरण जाण्याला बाबासाहेबांच्या चळवळीने नकार दिला आणि तो नकार योग्यच होता. तरीही १९४८ साली अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ अर्पण करताना बाबासाहेबांनी नंदनार आणि रविदास यांच्यासोबत चोखामेळ्याचे नाव घेतले. शरणागती नाकारायची, पण दुःख सांगणाऱ्याला नाकारायचे नाही, हा विवेक त्यांनी शिकवला. ओटिसचे गाणे ऐकताना तोच विवेक कामी येतो.

आपल्या तालुक्यातली पोरे आज जालन्याच्या कारखान्यांत, पुण्याच्या चाकणला, मुंबईला जातात. दिवसपाळी-रात्रपाळी करून कुठल्या तरी पुलाच्या कठड्यावर, फलाटावर क्षणभर बसतात. त्यांच्या त्या बसण्याचे गाणे अजून कोणी लिहिलेले नाही. येत्या जयंतीला आपल्या पार्ट्यांनी विजयाची गाणी जरूर गावीत. सोबत एखादे गाणे त्या थकलेल्या पोरासाठीही असावे, त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव असावे आणि त्याच्या हक्काचा कागद लिहिणाऱ्याच्याच घरात असावा.